सकाळी सापडलेल्याचं आडनाव

माझ्या जावयाचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. एक तर ते फार थोड्या घरांत आहे, लगेच ओळखू येईल. आणि दुसरं म्हणजे मला ते अजूनही धड उच्चारता येत नाही. सुरुवात 'द्यु'ने होते आणि शेवट नाकातून करायचा असतो, एवढं सांगितलं की पुरे.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा इथे सिंगापुरातल्या आमच्या मराठी बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. मुलगा काय करतो, ते नंतर. आधी आडनाव काय, आणि मूळचे कुठले? आपल्या लोकांना आडनाव कळल्याशिवाय घास उतरत नाही. एकदा कळलं की गाव, कुलदैवत, आत्याची नणंद, सगळं आपोआप बाहेर येतं. मी काही त्यांना नावं ठेवत नाही. बँकेत हिशेब खात्यात होते तेव्हा पाया लेबारच्या ऑफिसात कुणी मराठी माणूस नवीन आला की मीही हेच विचारायची. पण फ्रेंच आडनावापुढे आमची सगळी विद्या खुंटली. बायका ते आडनाव दोनदा म्हणून बघायच्या आणि गप्प बसायच्या. मला त्या गप्प बसण्याचाच राग यायचा.

तेवढ्यात कुणीतरी मला सांगितलं की फ्रान्समध्ये आडनावाआधी 'द' किंवा 'द्यु' असलं की घराणं सरदारांपैकी. बस्स. मी शहानिशा करायला गेलेच नाही. "मोठी जुनी माणसं आहेत म्हणे, जमीनजुमला होता," असं मी एकदा हळदीकुंकवाला म्हणाले. गणपतीपर्यंत त्या जमिनीवर द्राक्षांचे मळे आले, दिवाळीपर्यंत हवेली उभी राहिली. त्यातली हवेली माझी नाही, ती दुसऱ्या कुणीतरी बांधली, पण मी ती पाडलीही नाही. जावयाला विचारायचं धाडस झालं नाही. तो बिचारा बुओना व्हिस्टाला कसल्याशा प्रयोगशाळेत काम करतो, सायकलवरून जातो, आणि त्याच्या शर्टाची कॉलर कायम विरलेली असते. सरदारांचा वंशज असा फिरेल का, हे माझ्या तेव्हा मनात यायला हवं होतं.

लग्नात भटजींनी गोत्र विचारलं. लेक माझ्याकडे बघायला लागली. भटजी शहाणे होते, म्हणाले, माहीत नसेल तर काश्यप म्हणू. जावयाने मान डोलावली. झाला काश्यप गोत्री!

मग दोन-तीन वर्षांनी लेकीला दिवस राहिले. मी बाळासाठी एक झबलंसुद्धा आणलं नाही. आमच्याकडे आधी काही आणत नाहीत, नाव ठरवलं तरी बोलत नाहीत. लेक हसायची, "आई, तू सिटिझन झालीस पण डोकं तुझं सदाशिव पेठेतच आहे." म्हणू दे. तिकडे फ्रान्सहून व्याह्यांचा दर आठवड्याला फोन. ते निवृत्त भूगोल शिक्षक. विहीणबाईंचं कंबरेचं ऑपरेशन झालेलं, त्यांना प्रवास झेपणार नव्हता, म्हणून व्याही एकटेच बाळंतपणाला येणार होते. मी त्यांच्यासाठी क्वीन्सटाउनच्या माझ्या फ्लॅटमधली मागची खोली रिकामी केली होती. माझे यजमान गेल्यापासून तिथे नुसतं सामान पडलेलं.

व्याही आले, पण ठरल्यापेक्षा खूप आधी. कारण बाळही खूप आधी आलं.

त्या आठवड्याबद्दल मी फार लिहू शकत नाही. लेकीला अचानक दुखायला लागलं, तिला नेलं, आणि संध्याकाळी जावयाचा फोन आला. तो मला 'आय' म्हणतो. म्हणाला, "आय, मुलगी आहे. खूप लहान आहे." एवढंच.   

मुलीला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. त्या वॉर्डात आई-बापांखेरीज कुणाला सोडत नव्हते, आणि ते बरोबरच होतं. त्यामुळे आजी-आजोबांनी बाहेर बाकावर बसायचं. मी रोज सकाळी डबा घेऊन जायची. व्याही माझ्याबरोबर. बस, मग MRT म्हणजे इथली मेट्रो, मग पुन्हा चालणं. ते उंच, मी त्यांच्या कोपराला लागते, आणि दोघांचंही इंग्रजी दोन तऱ्हांचं. माझं बँकेतलं, त्यांचं शाळेतलं. वाटेत आम्ही जवळजवळ बोलायचोच नाही. बाकावर बसलं की दाराकडे बघायचं. दार उघडलं की उठायचं, दुसऱ्याच कुणाचं माणूस असलं की बसायचं. लेक बाहेर यायची, डब्यातला भात चार घास खायची आणि आत जायची. "कशी आहे गं?" विचारलं की म्हणायची, "तशीच." मी तिची आई, आणि मला तिच्या डोक्यावरून हात फिरवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. आयुष्यभर मी लोकांना कामाला लावलं. बँकेत मला घाबरायचे. आणि इथे मी एका दारापुढे डबा धरून बसले होते. हात टेकणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

एकदा जावयाने आतला फोटो दाखवला. पेटीवर कार्ड होतं, 'बेबी ऑफ' आणि पुढे माझ्या लेकीचं नाव, तिचं माहेरचं आडनाव. लग्नानंतर तिने आडनाव बदललं नव्हतं. व्याह्यांनी तो फोटो मोठा करून पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला.

"आमचं नाव नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हॉस्पिटलात आईच्याच नावाने असतं."

"हो, हो." पण त्यांना ते लागलं होतं हे दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, "तिचं पहिलं नाव काय? मला लिहायचं आहे."

"नाव नाही. बारशाला ठेवायचं. बाराव्या दिवशी."

"पण त्यांनी ठरवलेलं असेल ना? मी आमच्या घराण्याच्या वंशावळीचं झाड आणलं आहे. तिला भेट द्यायला. तिचं नाव त्यात लिहायचं आहे. समजा, मादाम, जर..."

"अहो, अभद्र काही बोलू नका!" मी हे चक्क मराठीत बोलले, आणि इतक्या जोरात की पलीकडच्या बाकावरच्या चिनी आजीने दचकून बघितलं. मग इंग्रजीत सांगितलं, बाराव्या दिवसाआधी नाव घेतलं की नजर लागते. त्यांनी कळल्यासारखी मान हलवली. त्यांचं म्हणणं मला नंतर कळलं. लिहिलं नाही तर ती आलीच नव्हती असं होईल, ही त्यांची भीती. आणि उच्चारलं तर ती जाईल, ही माझी. दोन म्हातारी माणसं, दोघांनाही ती हवी होती, आणि दोघं एकमेकांना अडवून बसलो होतो.

तणाव नको म्हणून मी त्यांना खाली फूड कोर्टात कॉफी प्यायला नेलं. आणि काय बोलायचं ते सुचेना म्हणून तोंडातून तेच निघालं जे आपल्या कुणाच्याही तोंडून निघालं असतं.

"तुमचं मूळ गाव कुठलं?"

खरं तर मला हवेलीबद्दल ऐकायचं होतं. इतकी वर्षं सांगत आले होते, निदान एकदा खऱ्या माणसाकडून ऐकावं. आणि या दिवसांत काहीतरी भक्कम, जुनं, दगडी ऐकायची मला गरज होती.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. शिक्षकाला प्रश्न विचारला की उजळतो तसा. ते सांगायला लागले. फ्रेंच आडनावं कशी आली, तर कुणी धंद्यावरून, लोहार, पाववाला, गिरणीवाला. कुणी बापाच्या नावावरून. कुणी दिसण्यावरून, बुटका, लालकेश्या. आणि कुणी जागेवरून, म्हणजे पुलाजवळचा, रानाजवळचा. ते 'द्यु' म्हणजे एवढंच, 'च्या', 'चा'.

"सरदार नाही?" मी विचारलं.

"सरदार?" ते इतके मोकळेपणाने हसले की मलाही हसू आलं. "नाही, मादाम. शेतमजूरसुद्धा नाही."

मी मनात म्हटलं, गेली हवेली. कर्म माझं.

मग त्यांनी त्यांच्या आडनावाचा अर्थ सांगितला. 'सकाळचा.' मी म्हटलं, आमच्याकडे सकाळकर झाला असता. त्यांनी 'सकाळकर' हा शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला, आवडला त्यांना. आणि मग कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून त्यांनी जे सांगितलं, ते मी परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांच्या भागात पूर्वी एका मोठ्या धर्मशाळेच्या भिंतीत फिरतं कपाट असायचं. अर्धं बाहेर, अर्धं आत. ज्या बाईला मूल ठेवून घेता येत नसेल तिने बाहेरून ते कपाटात ठेवायचं, घंटा ओढायची आणि निघून जायचं. आतली जोगीण कपाट फिरवून मूल आत घ्यायची. कुणी कुणाचं तोंड बघायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी कारकून त्या मुलाला नाव द्यायचा. पहिलंही आणि आडनावही. कुणाला महिन्यावरून, कुणाला झाडावरून, हातात येईल त्यावरून. जवळच्या कुठल्या घराचं आडनाव द्यायचं नाही, ती घरं रागावत. व्याह्यांचा मूळ पुरुष असा एका सकाळी कपाटात मिळाला होता. म्हणून 'सकाळचा.'

"त्याच्या आधी?" मी विचारलं.

"त्याच्या आधी कुणी नाही. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं मी शोधलं. तिथे झाड संपतं. भिंत आहे."

म्हणजे मूळ गाव नाही. कुलदैवत नाही. आपल्याकडे असं काही निघालं तर माणसं ते पोटात ठेवून मरतात. आणि हे गृहस्थ अभिमानाने सांगत होते!

"ती मुलं बहुतेक जगायची नाहीत," ते म्हणाले. "आणि हा तर अगदी लहान होता. वेळेआधी झालेला असावा. त्याला दूध पाजायला खेड्यातल्या एका बाईकडे दिलं. कुणालाही वाटलं नव्हतं. पण तो जगला, मादाम. मोठा झाला, सुतार झाला, त्याला खूप मुलं झाली. आम्ही सगळे त्याचेच."

तो जगला. मला त्यानंतरचं काही ऐकू आलं नाही. अहो, कुठली सरदारकी आणि कुठलं काय! मला एकदम वाटलं की याहून चांगलं आडनाव जगात दुसरं नाही. हे जगणाऱ्याचं आडनाव. आमची ती काचेच्या पेटीत होती, तिला दोन भोकं होती, त्यातून परक्या बायका हात घालून तिचं करत होत्या. तोही असाच कपाटात होता. रक्तात असतंच ना काहीतरी? मी देवाला नवस बोलले होतेच, पण त्या दिवसापासून माझा भरवसा त्या सुतारावर जास्त बसला.

मग मीही त्यांना आमचं सांगितलं. आमच्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू नाहीतर धोंडू ठेवायचे. दगड, धोंडा. म्हणजे मृत्यूला वाटावं, काय करायचंय हे नेऊन. व्याही म्हणाले, "आणि उपयोग होतो?" मी म्हटलं, "माझ्या आजोबांचे वडील धोंडूच होते, नव्वदी गाठली." त्यांनी गंभीरपणे मान हलवली. परत वर बाकावर जाऊन बसलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "मुलीला काय म्हणतात?" "धोंडी." तेव्हापासून आम्ही दोघं तिला धोंडीच म्हणायला लागलो. बारशाच्या आधी नाव नको हा माझा नियम मोडला नाही, आणि त्यांना हाक मारायला काहीतरी मिळालं. सकाळी भेटलं की ते विचारायचे, "धोंडी?" त्यांच्या तोंडी ते 'दोंदी' व्हायचं. मी म्हणायची, "तशीच." तशीच हीसुद्धा तेव्हा चांगलीच बातमी होती.

एका दुपारी लेक बाहेर आली. डबा घेतला नाही. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, बारसं करू या."

मी म्हटलं, "अगं, अजून बारावा दिवस कुठाय? घाई कसली?"

"आई."

"घुगऱ्या करायच्यात. हरभरे भिजवायला हवेत. पाळणा नको का बघायला?"

"आई, आज. ते तुम्हाला दोघांनाही आत सोडतायत."

 आत सोडतायत. इतके दिवस ज्या दारापाशी मी बसले होते ते दार आता माझ्यासाठी उघडणार होतं, आणि मला आत जायचं नव्हतं. मला ओरडायचं होतं, नाही सोडलंत तरी चालेल हो, मी इथेच बसते, जन्मभर बसते. पण लेक उभी होती. तिच्या गाऊनच्या पुढच्या भागावर दुधाचे डाग होते. मी उठले.

व्याह्यांना मी कसंबसं समजावलं. नाव आत्याने ठेवायचं असतं. बापाची बहीण. जावयाला बहीण नाही. मग बापाच्या घरचं जे कुणी हजर आहे त्याने ठेवायचं. हा नियम मी तिथल्या तिथे केला, कुणाला विचारलं नाही. "तिच्या कानाशी जायचं. कुर्र करायचं. मग नाव सांगायचं, तिचं, बापाचं आणि आडनाव."

"कसं करायचं?"

"कुर्र्र."

त्यांनी करून पाहिलं. फ्रेंच माणसाचा 'र' घशातून येतो. ते गुळण्या केल्यासारखं झालं. मी म्हटलं, असं नाही, जिभेने. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा गुळणी. हात धुवायच्या बेसिनपाशी, तोंडाला मास्क लावून, आम्ही दोघं कुर्र कुर्र करत होतो आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नर्स थांबून राहिली. तिने घाई केली नाही.

ती माझ्या तळहातावर मावली असती. डोक्याला विणलेली टोपी होती. जावई पेटीच्या भोकातून बोट आत घालून बसला होता आणि तिने ते धरलं होतं. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला लाज वाटली की मी हिला धोंडी म्हणत होते. इतकी सुरेख होती ती.

व्याही उंच, त्यांना खूप वाकावं लागलं. भोकाशी तोंड नेऊन त्यांनी कुर्र केलं, तसंच, घशातून. लेकीला हसू फुटलं. हसता हसताच ती रडायला लागली. मग त्यांनी नाव सांगितलं. लेकीने आणि जावयाने ठरवलेलं, मीही पहिल्यांदाच ऐकलं. मग जावयाचं नाव. मग ते आडनाव, सावकाश, अख्खं. बारशाला कुर्र करणाऱ्याच्या पाठीत बायका धपाटे घालतात. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी त्यांच्या वाकलेल्या पाठीवर हलकेच एक धपाटा घातला. पाळण्याचं गाणं काही माझ्याने म्हणवलं नाही.

संध्याकाळी ती गेली. सुतार जगला होता, ती नाही जगली. आमच्या कुणाच्याच हातात काही नव्हतं.

व्याही नंतर काही दिवस माझ्याकडे राहिले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी तो मोठा कागद माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरला. सगळ्यात वर तो कपाटातला मुलगा, त्याच्या वर नुसता कोरा कागद. खाली फांद्याच फांद्या. सगळ्यात खाली त्यांनी तिचं नाव लिहिलं होतं, जन्मस्थान सिंगापूर. माझ्या हातात पेन देऊन म्हणाले, तुमच्या लिपीतही लिहा. मी लिहिलं. वेलांटी वाकडी आली. खोडू का विचारलं, तर नको म्हणाले.

परवा एकीकडे हळदीकुंकू होतं. गेले नसते, लेकच म्हणाली, जा गं, किती दिवस घरात बसशील. तिथे पुण्याहून नवीन आलेली एक होती, तिला आमचं काही माहीत नव्हतं. कुणीतरी माझी ओळख करून देताना म्हणालं, यांचे जावई फ्रेंच, मोठ्या सरदार घराण्यातले. बाकीच्या बायका एकदम वाटीतल्या तिळगुळाकडे बघायला लागल्या. ती नवीन मात्र कौतुकाने म्हणाली, "अय्या, हो का? आडनाव काय हो त्यांचं?"

मी आडनाव सांगितलं. जमेल तसं, नाकातून.

"सरदार वगैरे काही नाहीत," मी म्हणाले. "टाकून दिलेल्या मुलाला एका कारकुनाने दिलेलं आडनाव आहे ते. सकाळी सापडला म्हणून सकाळचा."

ती गोंधळली. "म्हणजे... जावयांचं?"

"जावयाचं आणि माझ्या नातीचं," मी म्हणाले. "बारसं झालंय तिचं."